नागोराव काळबांडे आणि ड्रमचा लेहरा

नागोराव काळबांडे गेल्याला आता बरीच वर्षं झाली. यज्ञेश्वर खांबेट्यांना कोणी त्यांच्याविषयी विचारलं, तर खांबेटे आधी चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि म्हणतात, "आमचा तसा फार परिचय नव्हता." ऐकणाऱ्याला वाटतं, पेठेतला माणूस आहे, शब्दसुद्धा मोजून देतोय. पण ते अगदी खरं आहे. दोन-तीन वर्षं ते आठवड्यातून दोनदा एकाच पियानोपाशी बसले, तरी नागोरावांच्या आईचं नाव काय होतं, पुण्यात पहिल्यांदा उतरले तेव्हा ते कोणाकडे राहिले, झोप लागत नसे तेव्हा काय करत, यातलं खांबेट्यांना काहीही ठाऊक नाही. त्यांना पाठ होतं ते एवढंच, की नागोरावांना काय काय मिळालं. कोण हसलं, कोणी टाळी दिली, कोणी पाठीवर हात ठेवला. हेवा करणाऱ्याची नजर तेवढ्यावरच असते. बाकीचा माणूस समोर बसलेला असूनही दिसत नाही.

खांबेटे कसबा पेठेतले. एका सरकारी बँकेत कारकून होते. दोन हजार-एकच्या सुमारास बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली. काउंटरवर संगणक आले, तिशीतले साहेब आले, आणि खांबेट्यांनी फार विचार न करता सही करून टाकली. त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, त्या दिवशी एवढंच विचारलं, "घरी बसून करणार काय? माझ्या स्वयंपाकाची तपासणी?"

तसं त्यांना करायला होतं. तरुणपणापासून ते पेटी वाजवत. पेटी म्हणजे साथीची. त्यातही त्यांचा हात बसला होता तो लेहऱ्यावर. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा कोणीतरी पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहावी लागते, म्हणजे तबलजीला आपण तालात कुठे आहोत ते कळतं. ती ओळ म्हणजे लेहरा. तबलजी वाटेल तिकडे धावतो, वळतो, उड्या मारतो. लेहरेकऱ्याने मात्र जागचं हलायचं नाही, सजवायचं नाही, डोळे तबलजीच्या चेहऱ्यावर ठेवायचे, आणि तबलजी समेवर आला की हात वर करून सगळी दाद त्याच्याकडे वळवायची. खांबेट्यांनी हे काम उभं आयुष्य केलं. त्यांच्याइतका घट्ट लेहरा धरणारा पेठांमध्ये दुसरा नाही असं तबलजीच म्हणत. पण एकदा एका मोठ्या बैठकीचं वृत्त वर्तमानपत्रात आलं, त्यात तबलजीचं नाव होतं, निवेदिकेचं होतं, ज्यांनी नारळ वाढवला त्यांचं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, 'साथीला हार्मोनियम होती.'

ते वाक्य खांबेट्यांच्या छातीत कुसळासारखं राहिलं. असलं काही बोलून दाखवणं त्यांना येत नसे.

निवृत्तीनंतर भाच्याने त्यांना एक सीडी ऐकवली, परदेशी जॅझची, आणि वर एक फोटो दाखवला. फोटोत पियानो मधोमध होता. ड्रमवाला मागे, माणसाएवढ्या व्हायोलिनसारखा बास धरलेला बासवाला मागे. खांबेट्यांनी विचारलं, "हे मागचे काय करतात?"

"साथ," भाचा म्हणाला.

खांबेट्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. पट्ट्या त्याच काळ्या-पांढऱ्या. फक्त माणूस मध्ये बसलेला, आणि साथ दुसरे करतायत. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, असं बसायचं, हे त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं, आणि पुढच्या आठवड्यात ते कॅम्पात पियानो शिकवणाऱ्या फ्रेनी मिसकडे जाऊन उभे राहिले.

फ्रेनी मिस पारशी, सत्तरीच्या. एकट्या राहत. पहिल्या मजल्यावर दिवाणखान्यात त्यांचा जुना पियानो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चाय घेते?" खांबेटे म्हणाले, "नको, मी घरून घेऊन आलोय." त्यानंतर त्यांना तिथे चहा कधी विचारला गेला नाही. याचं त्यांना काही वाटलंही नसतं. पण काही महिन्यांनी नागोराव आले.

नागोराव मूळचे यवतमाळकडच्या दारव्ह्याचे. नगर रस्त्यावरच्या एका इंजिनांच्या कारखान्यात लागले होते, आणि नव्या जमान्यात कारखान्याला इतकी माणसं जड झाली तेव्हा तेही गोल्डन शेकहँड घेऊन बाहेर पडले. येरवड्याला राहायचे. कारखान्याच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा असे, त्यात ते कीबोर्ड वाजवत. मुलगी श्रद्धा सॉफ्टवेअरमध्ये लागली, तिनेच बापाला या क्लासात घातलं. अंगाने आडवे, आवाजाने मोठे, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोलण्यातली वऱ्हाडी गेलेली नव्हती.

पहिली भेट जिन्यात झाली. खांबेटे उतरत होते, नागोराव चढत होते.

"तुमीच का ते खांबेटे? मिस तुमचं लय नाव घेऊन राहिल्या होत्या."

खांबेट्यांच्या मनात काहीतरी उजळलं. "काय म्हणत होत्या?"

"म्हने, वेळेवर येता."

हे नागोराव खवचटपणे म्हणाले नव्हते. तेच वाईट होतं. खवचटपणाला उत्तर देता येतं.

मग मिसनीच सोयीसाठी दोघांना एका वेळेला बोलावलं. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. खांबेटे पाच मिनिटं आधी येत, तर वर आधीच हसण्याचा आवाज चालू असे. दार उघडावं तर नागोराव आरामखुर्चीत, हातात पुदिन्याचा चहा, सोबत बिस्किटं, आणि मिस डोळे पुसत हसतायत. कशावर हसल्या ते पुन्हा कोणी सांगत नसे. खांबेटे पियानोपाशी जाऊन बसत आणि त्या पुदिन्याच्या वासात आपले स्वर वाजवत.

ते वाजवत चांगलं. मिस मान डोलवत आणि म्हणत, "खांबेटे, तू फार नीट वाजवते. एक पण चूक नाय. पण हे नीट ठेवून काय करणार? बँकेत टाकणार?"

नागोरावांचं उलटं. त्यांच्या पट्ट्या चुकत. आवर्तन कुठे संपलं याचा पत्ता नसे. पण एखादा चुकीचा सूर लागला की ते थांबत नसत. तोच सूर पुन्हा वाजवत, तिसऱ्यांदा वाजवत, मग त्याच्या शेजारचा वाजवत, आणि बघता बघता असं वाटायचं की हा सूर इथे यायचाच होता. मिस टाळी वाजवत. खांबेट्यांना तो पकडला गेल्यावर घरमालकाशी गप्पा मारत बसलेल्या चोरासारखा वाटे. घरी येऊन ते कुसुमताईंना सांगत, "त्याला काही येत नाही गं. नुसता दडपून वाजवतो."

"आणि बाई काय म्हणतात?"

"हसतात."

"मग तुम्हीही दडपा की थोडं."

"ते आपल्याला जमणार नाही."

"तेच म्हणतेय," असं म्हणून कुसुमताई पोळी उलटत.

घरी कोणी नसताना खांबेट्यांनी एकदा पेटीवर चुकीचा सूर लावून पाहिला. पुन्हा लावला. तो चुकीचाच राहिला.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मिसच्या दारावर एक रंगीत पत्रक लागलं. खराडीकडच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबांना अमेरिकेतून जॅझचा नाद लागला होता, आणि त्यांनी 'नवोदितांसाठी जॅझ पियानो स्पर्धा' जाहीर केली होती. अंतिम फेरी कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात, सोबत मुंबई-गोव्याचे खरे बासवाले, ड्रमवाले. वयाची अट कुठेच नव्हती. नवोदित म्हणजे तरुणच असणार, हे छापणाऱ्यांनी गृहीत धरलं असावं.

खांबेट्यांनी ते पत्रक जिन्यात उभं राहून वाचलं. पियानो मधोमध, साथ दुसऱ्यांची. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आठवडाभर मनात घोळवलं, नाव द्यावं की नको, हसतील का, हसले तर काय. शेवटी एका शुक्रवारी धीर करून मिसना सांगायचं ठरवून ते वर गेले, तर नागोराव म्हणाले, "अहो भाऊ, त्या स्पर्धेत मी माझं नाव देऊन टाकलं. तुमचंही देऊन टाकलं."

"माझं? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं ना बाप्पा."

ते हो म्हणणार होते. आठवडाभर झोप उडवून ते हो म्हणायलाच आले होते. आणि या गृहस्थाने ते जाता जाता, बिस्किट खाता खाता उरकून टाकलं होतं. खांबेटे फक्त म्हणाले, "आभारी आहे." घरी कुसुमताईंनी पत्रक वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "नवोदित? उदयाला थोडा उशीर झाला म्हणायचा." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा रेशमी सदरा धोब्याकडे टाकला.

पहिली फेरी दोघांनीही निभावली. मग मिसनी दोघांकडून तयारी करून घेतली. जॅझची रीत सोपी आहे. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. मग त्याच चालीच्या आवर्तनांवर पियानोने आपलं काय ते सुचेल तसं म्हणायचं. मग बासला एक पाळी, मग ड्रमला एक पाळी, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांनी चाल. ड्रमची पाळी आली की बाकीच्यांनी हात काढून घ्यायचे. पण मिसच्या दिवाणखान्यात ना बास होता ना ड्रम. त्या जागेवर आलं की मिस म्हणत, "इथे ड्रम वाजेल, तू पाणी पी," आणि थेट शेवटच्या चालीवर येत. खांबेटे मान डोलवत. सगळं डोक्यात बसलं होतं. हातांना मात्र ते कधी करून पाहायला मिळालं नव्हतं.

अंतिम फेरी रविवारी सकाळी होती. क्लबाच्या दारात भाग्यश्री नावाची, कंपनीचा बिल्ला लावलेली मुलगी उभी होती. ती अदबीने म्हणाली, "काका, पॅरेंट्ससाठी खुर्च्या मागच्या बाजूला आहेत हं."

खांबेट्यांचे कान तापले. ते वळणारच होते. नागोराव म्हणाले, "बाई, आमीच पालक अन् आमीच पोरं. नंबर लाव आमचा." ती मुलगी खळखळून हसली, नागोरावांच्या छातीवर तिने स्वतः क्रमांकाची पट्टी लावली आणि खांबेट्यांच्या हातात दिली. एवढं साधं. पण खांबेट्यांना आजही आठवतं की त्यांच्या हातात दिली.

बाकीचे स्पर्धक खरोखरच पोरं होती. कॉलेजातली, केस वाढवलेली, आपसात इंग्रजी बोलणारी. त्यात कादंबरी नावाची एक बारकीशी मुलगी होती. तिने वाजवलं तेव्हा खांबेट्यांना कळलं की पहिलं बक्षीस गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्या मुलीचा हेवा करण्याइतकी ती जवळची नव्हती. त्यांना पहिलं नकोच होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की आज आपण मध्ये बसलो, आणि लोकांनी आपल्याकडे पाहिलं. आणि, मनातलं सांगायचं तर, नागोरावांकडे त्याहून थोडं कमी पाहिलं.

नागोरावांचा नंबर आधी लागला. चाल त्यांनी धडाक्यात वाजवली. मग आपली पाळी सुरू केली आणि तिसऱ्या आवर्तनात रस्ता चुकले. मागच्या रांगेतून खांबेट्यांना ते स्पष्ट कळलं. आपण कुठे आहोत हे त्या माणसाला आता ठाऊक नव्हतं. खांबेटे खुर्चीत पुढे सरकले, आणि मनाच्या तळाशी काहीतरी गोड होतं. इतक्यात नागोराव बासवाल्याकडे वळले आणि माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "कुठी आलो आपन, भाऊ?"

बासवाला गोव्याचा, पण प्रश्न कळायला भाषा लागली नाही. त्याने हसून एक सूर ठासून वाजवला, नागोरावांनी तो उचलला, आणि दोघं मिळून असे काही सुटले की लोक खुर्च्यांवर ताल धरू लागले. संपलं तेव्हा सभागृह उभं होतं. चुकल्याबद्दल! खांबेटे बसूनच टाळ्या वाजवत होते. गुडघा दुखतो म्हणून, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं.

मग त्यांचा पुकारा झाला.

ते गेले आणि मध्ये बसले. बास मागे, ड्रम मागे. ड्रमवर केयूर नावाचा, मुंबईहून आलेला पण मूळचा कोथरूडचा एक तरुण होता. चाल नीट गेली. स्वतःची पाळी नीट गेली. जसं बसवलं होतं तसंच, एकही सूर न हरवता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांना पाणी द्यावं तशा. बासची पाळी झाली. मग केयूरने काठ्या सावरल्या आणि त्याची पाळी सुरू केली.

पुढचं खांबेट्यांनी केलं असं म्हणता येत नाही. ते झालं. मागे एक माणूस ताल वाजवतोय, एकटा वाजवतोय, आणि आपल्या बोटांखाली पट्ट्या आहेत. उभ्या आयुष्यात या क्षणाला एकच काम असायचं. खांबेटे बाकावर अर्धे वळले, डोळे केयूरच्या चेहऱ्यावर लावले, आणि त्यांच्या हातांनी लेहरा धरला. त्याच चालीची पहिली ओळ, साधी, न सजवलेली, पुन्हा, पुन्हा.

केयूर चमकला. एक क्षणभर काठ्या अडखळल्या. पण लहानपणी त्याने तबल्याची तालीम घेतली होती, हे मागाहून कळलं. त्याने खांबेट्यांकडे पाहिलं, त्याचा चेहरा फुलला, आणि मग तो जो काही धावला! ओळ त्याच्याखाली जमिनीसारखी स्थिर. तो तिच्यावरून कुठेही उडी मारत होता आणि बरोबर पाय टेकत होता. मागून कोणीतरी पेठेतलं ओरडलं, "क्या बात है!" शेवटी त्याने तिहाई घेतली, एक तुकडा तीनदा, आणि दोघं एकदम समेवर आले. खांबेट्यांनी हात वर करून केयूरकडे दाखवला, जशी रीत आहे. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. केयूर उठून उभा राहिला, वाकला. खांबेट्यांनी हात जोडले आणि ते व्यासपीठावरून खाली उतरले.

खालच्या पायरीवर त्यांना आठवलं, की शेवटची चाल वाजवायची राहिली. आणि मग आठवलं, की मधे हात काढून घ्यायचे होते. पियानोच्या स्पर्धेत ते पियानो वाजवायचा सोडून ड्रमला साथ करून आले होते. मध्ये बसून.

निकाल लागला. पहिली कादंबरी. तिसऱ्या क्रमांकावर नागोराव काळबांडे, टाळ्या, शिट्ट्या. मग मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी माइक पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, की यादीत नसलेलं एक खास बक्षीस आम्ही आताच ठरवलंय. आजची सर्वांत सुंदर साथ, श्री. यज्ञेश्वर खांबेटे.

साथ.

खांबेटे पुष्पगुच्छ घ्यायला गेले. नागोराव दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होते. ते धावत पुढे आले आणि त्यांनी खांबेट्यांना कवेत घेतलं. "काय धरलं हो तुमी त्याले! मले अंगावर काटा आला, पाहा, पाहा हा हात! मले शिकवा ना भाऊ हे."

"ते शिकवण्यासारखं काही नसतं," खांबेटे म्हणाले. "कंटाळा न येणारा माणूस लागतो."

"मंग मी बाद," नागोराव म्हणाले आणि मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छोटंसं वृत्त होतं. 'ज्येष्ठ स्पर्धक नागोराव काळबांडे यांनी रसिकांची मने जिंकली.' आणि शेवटी, 'यज्ञेश्वर खांबेटे यांनी ड्रमला साथ केली.' कुसुमताईंनी ते मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "प्रगती आहे. मागे नुसतं बाजाचं नाव होतं."

ते हसले नाहीत, तेव्हा त्या उठून गेल्या आणि थोड्या वेळाने, न विचारता, चहा घेऊन आल्या.

खांबेट्यांनी फ्रेनी मिसकडचे आपले वार बदलून घेतले. कारण सांगितलं गुडघ्याचं. नागोरावांना मात्र त्या स्पर्धेतून काम मिळालं. कल्याणीनगरात नवीन निघालेल्या एका मोठ्या उपाहारगृहात पियानो होता, तिथे ते संध्याकाळचे वाजवू लागले. कंपन्यांतून सुटलेली तरुण मंडळी तिथे येत. ही बातमी खांबेट्यांना मिसकडून कळे, भाच्याकडून कळे, एकदा तर रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या मुलाकडून कळली. ते एकदाही तिथे गेले नाहीत. पण दर संध्याकाळी घड्याळाकडे बघून त्यांच्या मनात येई, आता तो बसला असेल. मध्ये.

नागोराव अधूनमधून फोन करत. श्रद्धाने वाघोलीला फ्लॅट घेतला होता, तिथे ते राहायला गेले होते. "या ना भाऊ. मुक्ताई रोज विचारते, ते साथवाले कवा येनार?" 'साथवाले' ऐकलं की खांबेटे म्हणत, "बघू, सवड झाली की." त्यांना सवडीशिवाय दुसरं काही नव्हतं. शेवटी कुसुमताईंनी एकदा फोन त्यांच्या हातातून घेतला आणि "गुरुवारी सकाळी येतायत हे" असं सांगून ठेवूनच दिला.

वाघोली तेव्हा अर्धी शेतं आणि अर्धे खड्डे होती, आणि मधून उंच इमारती उगवत होत्या. खांबेटे बसने गेले. नागोरावांच्या पत्नी मुक्ताई हसतमुख, त्यांच्यापेक्षा निम्म्या आकाराच्या. त्या मेथी निवडत जमिनीवर बसल्या होत्या. हॉलमध्ये इलेक्ट्रिक पियानो, आणि खाली सतरंजीवर एक पेटी.

"त्या तुमच्या हॉटेलात फार गर्दी असते म्हणे," खांबेट्यांनी बसता बसता विषय काढला. तो काढायचा नाही असं बसमध्ये ठरवलं होतं.

"लय. पण ऐकत कोनी नाही बरं का. जेवतेत. एकदा एक जन माझ्या पियानोवर सूपची वाटी ठेवून गेला."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"काय करतो? वाजवलं. सूप हालत होतं तालावर, मजा आली."

वर्षभर रोज संध्याकाळी ज्या जागेसाठी खांबेट्यांचा जीव जळला, तिथे सूपची वाटी होती. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण लगेच दुसरी जळजळ सुरू झाली, की या माणसाला त्याचंही काही वाटत नाही. हे कुठून आणायचं?

"चला, बसा पियानोवर," नागोराव म्हणाले आणि स्वतः सतरंजीवर पेटीशी बसले. "आज साथ मी करतो. तुमी फक्त वाजवायचं. त्या दिवशीची चाल."

"कशाला उगीच..."

"बसा हो! मी केवढी तयारी करून राहिलो. विचारा हिला."

"कान किटले माझे," मुक्ताई मेथीतून मान वर न करता म्हणाल्या. "तीच ओळ, तीच ओळ."

खांबेटे पियानोशी बसले. समोर खिडकी, खिडकीत अर्धवट इमारत. मागे साथीदार. श्रोते म्हणून मुक्ताई. त्यांनी चाल सुरू केली, आणि खालून नागोरावांनी ओळ धरली. दोन आवर्तनं ठीक गेली. मग खांबेट्यांनी आपलं काही म्हणायला सुरुवात केली, तशी खालची ओळ जरा सजली. मग पुढे सरकली. मग तिला एक फांदी फुटली. आणि खांबेट्यांच्या लक्षात आलं की आपले हात आपोआप खाली उतरलेत, साधे झालेत, आणि पेटी कुठे जातेय ते बघत तिच्या मागोमाग चाललेत. पुन्हा!

त्यांनी हात उचलले. "अहो काळबांडे, ही साथ आहे की वरात? तुम्ही पुढे काय पळताय? जागेवर राहा."

"राह्यलो तर होतो..."

"नाही राहिलात. तिसऱ्याच फेऱ्याला निघालात. पुन्हा."

पुन्हा सुरू केलं. या वेळी नागोरावांनी डोळे मिटले, ओठ आवळले, मान खाली घातली. कपाळावर घाम दिसत होता. एक फेरा, दोन, तीन, आणि चौथ्याला बोटं सुटलीच. ते स्वतःच थांबले, पेटीचा भाता बंद केला आणि हताशपणे मांडीवर हात आपटला.

"नाही होत बाप्पा. वर्षभर करून राहिलो, नाही होत. मले मागं राह्यताच येत नाही. तुमी कसं करत असान हो इतके वर्ष?"

खांबेट्यांनी त्या घामेजल्या, लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे चेष्टा नव्हती, उपकार नव्हता. हवं होतं, आणि मिळत नव्हतं. हा चेहरा ते ओळखत होते. रोज दाढी करताना आरशात तोच असे. खांबेट्यांना, सरळ सांगायचं तर, फार बरं वाटलं. सहानुभूती नव्हे ती. चक्क आनंद झाला, भुकेल्याला जेवण मिळाल्यासारखा, आणि त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"सवय लागते," ते म्हणाले. "तुमच्या मनगटात घाई आहे. भाता आधी हळू करा." आणि ते गुडघा विसरून सतरंजीवर उतरले, नागोरावांच्या शेजारी बसले, आणि त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली. मुक्ताईंची मेथी संपेपर्यंत ते दाखवत राहिले, आणि नागोरावांना ते येत नव्हतं.

मुक्ताईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघायला दुपार झाली. नागोराव दारापर्यंत आले, आणि लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"खाली पान्याचा टँकर उभा असन. पाइप पसरवून ठेवतेत मेले. पाहून जा."

"पाहतो."

"घरी पोचले की फोन करा."

"कशाला पैसे घालवायचे? मिस्ड कॉल देतो."

"द्या मंग मिस्ड कॉल. मी उचलत नाही."

"उचलू नका," खांबेटे म्हणाले.